पट्टीने आखलेली रेघ

त्या सिनेमाचा मला अजून राग येतो. सिनेमा वाईट असता तर विसरून गेले असते. तो चांगला होता, हीच तर तक्रार आहे.

इथे जपानात, ओजिमातल्या आमच्या वसाहतीपासून दहा मिनिटांवर वॉर्डाचं सभागृह आहे. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी तिथे ज्येष्ठ नागरिकांसाठी फुकट सिनेमा दाखवतात. मी एकोणतीस वर्षांची, ज्येष्ठ कुठून असणार? पण शेजारच्या ७०३ मधल्या बाईंना सोबत हवी होती. आम्ही ७०४ मध्ये. या बाई निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर गणित शिकवलेलं. तोंडावर मी त्यांना आडनावापुढे सान लावून हाक मारायचे, पण मनात त्या पहिल्या दिवसापासून ‘बाई’च होत्या. माझं जपानी चुकलं की त्या थांबायच्या, मी परत बरोबर म्हणेपर्यंत पाऊल पुढे टाकायच्या नाहीत.

सिनेमा फ्रेंच, विनोदी आणि जरा तिरपागडा. लिफ्ट दुरुस्त करणारा एक लांबुडका माणूस. त्याची बदली अशा गावात होते जिथे दोन मजल्यांच्या वर घरच नाही. अख्ख्या गावात एकच लिफ्ट, नगरपालिकेत, आणि ती कधी बिघडत नाही. म्हणजे या माणसाला काम नाही, आणि गावाला हा माणूस नको. हा बेकरीत शिरला की गप्पा थांबतात. शेवटी कंटाळून तो स्वतःच लिफ्ट बिघडवतो आणि आत अडकतो, तेही गावातल्या सगळ्यात खडूस खाटकाबरोबर. चार तासांनी दोघं बाहेर येतात ते दोस्त होऊन. पुढे काम नाही म्हणून कंपनी त्याला परत बोलावते. तेव्हा सगळं गाव नगरपालिकेसमोर रांग लावतं. म्हातारे, पाद्री, बेकरीवाली, सगळे एकेक करून लिफ्टचं बटण दाबत सुटतात, वर-खाली, वर-खाली. लिफ्ट झिजावी आणि हा इथेच राहावा म्हणून.

मला फ्रेंच येत नाही आणि पडद्याखालची जपानी ओळ मी निम्मी वाचेपर्यंत पुसली जायची. बाईंना मोतीबिंदू, त्यांना ओळ दिसतच नव्हती. गोष्ट आम्ही नंतर चहावर जुळवली, निम्मी त्यांनी ऐकलेल्या हुंदक्यांवरून, निम्मी मी वाचलेल्या अर्ध्या ओळींवरून. पण हसलो मात्र एकाच ठिकाणी. खाटीक पिशवीतून सॉसेज काढून पुढे करतो, आणि हा गडी आधी खिशातली टेप काढून ते मोजतो. बाई इतक्या हसल्या की पुढच्या रांगेतून कोणीतरी मागे वळून पाहिलं. घरी येताना आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये त्यांनी सातचं बटण एकदा दाबलं, मग माझ्याकडे बघून पुन्हा दोनदा उगाच दाबलं. मैत्री झाली ती त्या दोन उगाचच्या दाबण्यांत.

सभागृहात शेवटी सगळे रडत होते. रुमाल निघाले. आमच्याच मजल्यावरचे ७१० मधले गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. हे गृहस्थ कोण? माझी सायकल स्टँडमध्ये चार बोटं तिरकी दिसली की स्वतः येऊन सरळ करणारे, आणि मला मात्र त्याबद्दल एक अक्षर न बोलणारे. फ्रान्समधल्या परक्या माणसासाठी यांच्या डोळ्यांत पाणी! हे लक्षात ठेवा.

आता माझ्याबद्दल. पुण्यात मी सात वर्षं पत्रकं लिहिली. बसप्रवाशांची आमची छोटी संघटना होती. बस आली नाही की आम्ही पत्रक काढायचो, म्हणजे जवळजवळ रोजच. पत्रक लिहायला मला संघटनेतल्या एका तिरसट काकांनी शिकवलं. पहिल्या ओळीत काय झालं. दुसरीत कोणी केलं, पदासकट. तिसरीत काय पाहिजे. विशेषणं नंतर, जागा उरली तर. मग लग्न झालं, नवऱ्याला इथल्या आयटी कंपनीचं काँट्रॅक्ट मिळालं, आणि मी ‘डिपेंडंट’ झाले. व्हिसावरच तसं छापलेलं आहे. ज्याने कोणी तो शब्द निवडला त्याच्यावर एक पत्रक माझ्याकडे तयार आहे.

फेब्रुवारीत बाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी होती, वाकायला मनाई होती. मी सूप घेऊन गेले, तेव्हा त्यांनी दाराजवळचं एक पॅड माझ्या हातात दिलं. आपलं परीक्षेचं पॅड असतं ना, वरती चिमटा असलेलं, तसंच. चिमट्यात चार-पाच कागद.

“एवढं ७०५ ला देशील?”

“काय आहे?”

“काही नाही. नेहमीचंच.”

७०५ ला जायचं तर माझ्या स्वतःच्या दारावरून जावं लागतं. दोन पावलं टाकली आणि नजर कागदावर गेली. याला इथे काइरानबान म्हणतात. मजल्यावरच्या सगळ्या सूचना या पॅडला लावतात, ते दारोदार फिरतं, ज्याने त्याने वाचून आपल्या चौकटीत शिक्का मारायचा आणि पुढच्या दारी द्यायचं. ७०१ पासून ७१२ पर्यंत बारा चौकटी. ७०१, ७०२, ७०३ मध्ये लाल गोल शिक्के. ७०४ च्या चौकटीत रेघ. ७०९ च्या चौकटीतही रेघ. आणि रेघ कशी? कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पेन्सिलीने, पट्टी धरून, अगदी सरळ. रागाने खरडलेली असती तर मी समजून घेतलं असतं. ही शांतपणे आखलेली होती.

खालच्या कागदावर भूकंपासाठीची यादी होती. हादरा बसला तर कोणी कोणाच्या दारावर थाप मारायची. आकडे मला वाचता येतात. ७०२ ने ७०३ च्या. ७०३ ने ७०५ च्या.

मी माझ्याच दारासमोर उभी राहून ते वाचलं.

७०९ मध्ये कोल्हापूरची एक मुलगी राहते, तान्हं बाळ आहे तिला. जानेवारीत टाकी धुवायची म्हणून दिवसभर पाणी बंद होतं. हिने बाळाला साबण लावला आणि नळ कोरडा. तशीच टॉवेलात गुंडाळून बाळाला घेऊन ती माझ्याकडे धावत आली. माझ्याकडे भरलेल्या दोन बादल्या होत्या, कारण आदल्या संध्याकाळी बाईंनी बेल वाजवून, हातांनी बादली भरायची खूण करून मला सांगितलं होतं. केवढं अगत्य, असं मला तेव्हा वाटलं. मला जे कळलं ते ७०९ ला का कळलं नाही, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. माझं डोकं अगत्याने झाकलेलं होतं.

पॅड ७०५ ला दिलं आणि घरी येऊन नवऱ्यावर ओरडले.

“अगं, बरंच झालं ना,” तो लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला. “तेवढंच एक काम कमी. आपल्याला ती कांजी लिपी वाचता कुठे येते?”

“भूकंप झाला तर तुझ्या दारावर कोणी थाप मारणार नाही.”

“भूकंप झाला तर मला कळेल की. हलेल ना सगळं.”

जवळच्या उरायासूला मराठी मंडळातल्या एक काकू आहेत, इथे वीस वर्षं झाली त्यांना, सगळे सल्ल्यासाठी त्यांनाच फोन करतात. मीही केला.

“हे बघ बाळा, आपण इथे पाहुणे,” काकू म्हणाल्या. “गोड राहायचं. त्यांना आपण आवडलो की सगळं होतं.”

“आणि नाही आवडलो तर?”

“अगं, आवडतोच आपण. दिवाळीला चकल्या वाट ना.”

इथे माझं डोकं फिरलं ते फिरलंच. पाहुणा कचरा सात प्रकारांत वेगळा करतो? पाहुणा महिन्यातल्या एका रविवारी खाली जाऊन पालापाचोळा झाडतो? आणि भूकंपात दारावर थाप पडायला आधी चकल्या वाटाव्या लागतात का? त्या सिनेमाचं नेमकं हेच मला खटकू लागलं. तो लिफ्टवाला राहिला कशामुळे? तो वेंधळा होता, गोड होता, सॉसेज मोजायचा, त्याने सगळ्यांना हसवलं. समजा तो चिडका असता. समजा त्याला विनोद जमत नसता, बेकरीत मुकाट पाव घेऊन घरी जात असता. मग दाबलं असतं कोणी बटण? आणि तिथे रडणारे हे ७१० वाले इथे पट्टीने रेघा मारतात! मला खात्रीच होती की मजल्याचे प्रमुख तेच. पॅडवर वरती फक्त पद छापलेलं होतं, ‘सातवा मजला, प्रमुख’, खाली नाव नव्हतं. पण एवढी सरळ रेघ दुसरं कोण मारणार?

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. शीर्षक, ‘आमच्या दारावर कोण थाप मारणार?’ पहिली ओळ, दोन घरं यादीतून काढली आहेत. दुसरी ओळ, सातव्या मजल्याच्या प्रमुखांनी हे केलं आहे, त्यांनी सर्वांसमोर उत्तर द्यावं. तिसरी ओळ, रेघा पुसा. जपानी करायला फोन आणि भाषेच्या वर्गातली वही. कोनबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातल्या मशीनवर प्रती काढल्या. इमारतीत बारा मजले, मजल्याला बारा घरं, एकशे चव्वेचाळीस पत्रपेट्या. शुक्रवारी सकाळी खालच्या दालनात उभी राहून मी एकेक पेटीत पत्रक सारलं. बहुतेक पेट्यांवर ‘पत्रकं टाकू नयेत’ अशी चिठ्ठी होती. ती मला वाचता येत होती. पुण्यात असली पाटी म्हणजे तिच्याखालीच चिकटवायचं, हे मी शिकलेली.

पुण्यात पत्रकाने काय होतं ते सांगते. डेपो मॅनेजर ते वाचतो, हसतो, चहा मागवतो, “काय ताई, आमच्यावर फार प्रेम तुमचं” म्हणतो. कातडी जाड असते त्यांची. मी त्या कातडीसाठी लिहायला शिकले होते.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला व्हरांड्यात बेल वाजली. लांब, ७१२ ची. मग दार उघडल्याचा आवाज, हळू बोलणं, दार बंद. मग ७११ ची. मग ७१०. मी कानोसा घेत उभी राहिले. ७०९ ची बेल वाजली, बाळ रडल्याचा आवाज आला. ७०८. एकेक बेल जवळ येत होती. ७०५ चं दार बंद झालं आणि आमची बेल वाजली.

दारात बाई. काळा कोट, डोळ्यावरची पट्टी निघालेली, हातात पिशवी, पिशवीत कागदात बांधलेले बिस्किटांचे पुडे. त्यांनी एक पुडा दोन्ही हातांनी पुढे केला आणि कंबरेतून वाकल्या.

“या वर्षी सातव्या मजल्याची प्रमुख मी आहे. माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला. माफ करा.”

इतक्या दिवसांत माझ्याशी त्या इतक्या औपचारिक भाषेत कधी बोलल्या नव्हत्या. डॉक्टरांनी वाकायला मनाई केलेली बाई नऊ दारांत वाकत आली होती.

“तुम्ही?” मी म्हटलं. “तुम्ही प्रमुख? मग मला सांगितलं का नाही?”

“त्यात सांगण्यासारखं काय? पाळी येते. करायचं असतं.”

“आणि ती रेघ?”

“माझ्या आधीच्यांची. मी दर महिन्याला नव्या कागदावर उतरवत होते.”

“पट्टीने!”

“दिसत नव्हतं ना. नुसत्या हाताने वाकडी आली असती.”

मला हसावं की ओरडावं कळेना. मी ओरडले. म्हणजे त्यांच्या वयाला शोभेल इतपतच, पण ओरडले. सिनेमाला नेता, माझ्या हातचं थालीपीठ खाता, आणि महिन्याच्या महिन्याला माझ्या घरावर रेघ मारता?

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मी येऊन सांगत होते तुला. पाणी, औषधफवारणी, लिफ्टची तपासणी. एकही चुकवलं नाही.”

हे खरं होतं. एकही चुकवलं नव्हतं.

“आणि ७०९ ला?”

बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. म्हणाल्या, “तिला मी ओळखत नाही.”

हेच! हेच तर मला त्या सिनेमाला ओरडून सांगायचं होतं. ओळख झाली तर पाणी, नाही झाली तर साबणाने माखलेलं बाळ. मी तोंड उघडलं तेवढ्यात बाईंची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. एक डोळा नवा, लख्ख. चपलांच्या कपाटावर माझं लिहायचं पॅड होतं, पत्रकाचा कच्चा मसुदा अजून चिमट्यात.

“ते काय आहे?”

“माझं पॅड.”

“बघू?”

मी दिलं. त्यांनी ते उलटं केलं. मागे एक फिकट पट्टी चिकटवलेली होती, निम्मी खरवडलेली. त्यावरचे आकडे आणि अक्षरं मी दोन वर्षं रोज हाताखाली घेत होते आणि कधी वाचली नव्हती. सातवा मजला. फिरतं. पुढे द्या.

नवरा आतून आला. “अरे हो, हे आपण आलो त्याच आठवड्यात दाराच्या मुठीला लटकवलेलं होतं,” तो मला म्हणाला. “मला वाटलं वेलकम किट. आतले कागद मी रद्दीच्या दिवशी दोरीने नीट बांधून दिले की!” त्या दोरीचा त्याला अजून अभिमान होता.

मी ते बाईंना भाषांतर करून सांगितलं. दोरीसकट. माझ्या जपानीत आतापर्यंत एवढं अवघड वाक्य मी बोलले नव्हते.

“त्या महिन्यात सगळा मजला वाट बघत होता,” बाई म्हणाल्या. “मग नवीन पॅड आणलं.”

“मग एकदा बेल का नाही वाजवली कोणी? एकाने?”

“मागितलं असतं तर तुम्हाला लाज वाटली असती.”

“म्हणून दोन वर्षं रेघ? आणि ७०९ ने काय केलं होतं? ती तर नंतर आली.”

“तुमच्यासारखंच होईल, असं आधीच्यांना वाटलं.”

“आणि तुम्हाला?”

बाईंनी पॅड सरळ केलं. माझ्या मसुद्यातल्या तीन ओळी त्या बघत राहिल्या, मराठीतल्या, त्यांना न कळणाऱ्या. “रीत चुकली,” त्या म्हणाल्या. गणिताच्या बाई म्हणतात तसंच, उत्तराबद्दल न बोलता.

मी माफी मागितली. पॅडसाठी मागितली, आणि नाव न विचारता छापल्याबद्दल मागितली. बेल वाजवली नाही म्हणून मी मजल्यावर ओरडत होते, आणि एकशे चव्वेचाळीस पेट्यांत पत्रक टाकण्याआधी दोन पावलांवरची बेल मीही वाजवली नव्हती. पण रेघेबद्दलचं एक अक्षर मागे घेतलं नाही, आणि आजही घेणार नाही. आमचं पॅड चुकलं, तर आमच्याकडे पॅड मागा. नंतर आलेल्या एका मुलीचं दार त्यासाठी भूकंपाच्या यादीतून जाऊ शकत नाही. बाई मला कितीही आवडोत, मी त्यांना कितीही आवडो. आवडण्यावर बादल्या भरत असतील, तर ज्याला कोणी ओळखत नाही त्याने नळाखाली बसून आवडण्याची वाट बघायची का?

पुढच्या शनिवारी सिनेमा होता. बाई गेल्या, एकट्या. मी खिडकीतून पाहिलं. त्यांना आता पडद्याखालच्या ओळी दिसत असणार.

मग एका दुपारी दाराच्या मुठीला पिशवी लटकलेली दिसली. आत पॅड. नवं नाही, त्या रविवारी बाई घेऊन गेल्या ते माझंच जुनं, मी त्यावर लावलेला बसप्रवासी संघटनेचा स्टिकर तसाच ठेवून मागची पट्टी नव्याने चिकटवलेली. कागदावर ७०४ ची चौकट मोकळी होती. अवघड कांजीवर बारीक पेन्सिलीने सोप्या अक्षरांत उच्चार लिहिलेले होते, मला वाचता यावेत म्हणून, प्रत्येक शब्दावर. भूकंपाच्या यादीत ७०३ ने ७०४ च्या दारावर. मी ते दोनदा वाचलं.

मग ७०९ पाहिलं. रेघ. सरळ.

नवऱ्याने नुकताच करवून आणलेला आमच्या आडनावाचा शिक्का टेबलावर होता. तो मी तिथेच ठेवला. पॅड घेतलं आणि चपला घालून निघाले. ७०५, ६, ७, ८ ही दारं ओलांडली आणि ७०९ ची बेल दाबली. आतून बाळाचा आवाज आला, पाठोपाठ “आले, आले!”

मागे एक दार उघडलं.

“क्रम चुकला,” बाईंचा आवाज आला. “तुझ्यानंतर ७०५.”

“चुकू दे,” मी वळून म्हटलं. “हिची चौकट मोकळी झाल्याशिवाय मी माझ्यात शिक्का मारणार नाही.”

बाई दारात उभ्या राहिल्या. कपाळाला आठी. मला वाटलं, आता दार लावून घेतील. त्या आत वळल्याही. पण परत आल्या त्या बाहेरच्या चपला घालून, आणि व्हरांड्यातून माझ्याकडे येऊ लागल्या, तितक्याच रागात.

“तिच्याकडे शिक्का नसेल,” त्या म्हणाल्या आणि कोटाच्या खिशातून पेन आणि खोडरबर काढलं.